मुलीला अभिनयातलं नेमकं काय हवंय, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. गणपतीत सोसायटीच्या नाटुकल्यात काम केलं, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून ‘मला मालिकेत काम करायचंय, ऑडिशनला न्या’ असा धोशा लावलाय. तिच्या बाबांच्या मते हे चार दिवसांचं खूळ आहे. तुम्हाला वाटतं, खरी आवड असली तर आपल्या हातून ती मारली जाईल. त्यात एका क्लासने वर्षाची फी आणि फोटोंचा पोर्टफोलिओ मिळून बरीच मोठी रक्कम सांगितली आहे आणि या महिन्यात निर्णय द्या म्हणून मागे लागलेत.

ताई, पैशाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. या महिन्यात काहीही भरू नका. अकरा वर्षांच्या मुलीचा चेहरा सहा महिन्यांत बदलतो, त्यामुळे महागडा पोर्टफोलिओ दिवाळीपर्यंतच शिळा होतो. खिडकीच्या उजेडात मोबाइलवर काढलेले तीन साधे फोटो पुरतात: चेहरा, कमरेपर्यंत आणि पूर्ण उभी. मेकअप नको, शाळेचा गणवेश नको. आणि जे खरोखर कास्टिंग करतात ते ऑडिशनचे पैसे घेत नाहीत. नोंदणी फी मागणाऱ्याचा धंदा नोंदणीचाच असतो.

आता मुख्य गोष्ट. ‘आवड की खूळ’ या प्रश्नाने तुमच्या हाती काही लागणार नाही, कारण या वयात प्रत्येक आवड खुळासारखीच सुरू होते. पुढे टिकलेल्या मुलांची सुरुवातही अशीच असते आणि महिन्याभरात क्रिकेटकडे वळलेल्यांचीही. त्यापेक्षा हे शोधा की या कामातला कोणता भाग तिला ओढतोय. मूल ‘ॲक्टिंग’ म्हणतं तेव्हा त्याच्या मनात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टींपैकी एखादी असते, आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा. मालिकेची ऑडिशन त्यातल्या फार थोड्या मुलांसाठी योग्य रस्ता असतो.

तिला समोर बसवून ‘तुला ॲक्टिंग का करायचंय?’ असं विचारू नका. ‘का’ विचारलं की मुलं आपल्याला काय ऐकायचंय याचा अंदाज घेतात आणि ते बोलतात. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारा. गणपतीच्या नाटकातला कुठला भाग पुन्हा करायला आवडेल? सगळ्यात कंटाळा कशाचा आला? तुझा प्रवेश नसायचा तेव्हा तू कुठे असायचीस? दुसऱ्या कुणाचं काम मिळालं असतं तर कुणाचं घेतलं असतंस? हे स्कूटरवर मागे बसलेली असताना किंवा दोघी मिळून मटार सोलताना विचारावं. नजरेला नजर नसली की मुलं मोकळी बोलतात. सगळे प्रश्न एका दिवसात उरकू नका, दोन-तीन आठवड्यांत विखरून विचारा, आणि एखादा प्रश्न मुद्दाम पुन्हा काढा. पहिल्या वेळचं उत्तर टाळ्यांच्या धुंदीतलं असतं. तिसऱ्या वेळचं बहुधा खरं असतं.

उत्तरं कशी वाचायची? ‘सगळे माझ्याकडेच बघत होते तेव्हा’ असं आलं तर तिला दिसायचंय. यात लाजण्यासारखं काही नाही. रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला थोडंफार हे हवंच असतं. पण फक्त एवढंच असेल तर ते भागवायला मालिका लागत नाही. वक्तृत्व, नृत्य, शाळेचं सूत्रसंचालन यानेही भागतं. घरात एवढ्यात धाकटं भावंड आलंय का, कुणाच्या आजारपणात सगळ्यांचं लक्ष गुंतलंय का, हेही पाहा. तसं असेल तर तिला तुमचा वेळ हवाय, कॅमेरा नव्हे.

‘मेकअप करून आम्ही सगळे मागे बसलो होतो, जाम धमाल आली’ हे उत्तर टोळीचं आहे. अशा मुलांना गटात जमतं, तालमीला ती वेळेआधी येतात, आणि एकटीला ऑडिशनच्या खोलीत उभं केलं की कोमेजतात. त्यांना नाटकाचा ग्रुप द्या, प्रश्न मिटला.

‘राजाने आधी जायला हवं होतं, मग शेवट मस्त झाला असता’ असं काही म्हणाली तर कान टवकारा. तिचं डोकं लिहिण्याकडे किंवा दिग्दर्शनाकडे चाललंय आणि तिला ते शब्दांत सांगता येत नाहीये, कारण मुलांना नाटकातलं एकच काम माहीत असतं, दिसणाऱ्या माणसाचं. तिला एक कोरी वही द्या आणि सोसायटीतल्या चार लहान मुलांचं नाटक बसवायला सांगा.

चौथं उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘मी आजीसारखं चालले ना, तेव्हा खरंच गुडघा दुखतोय असं वाटलं.’ हे दुसरं कुणी होण्याचं वेड. अशी मुलं नाटक संपल्यावरही ती आजी सोडत नाहीत. जेवताना तिच्यासारखा घास घेतात, रिक्षावाल्याशी तिच्या आवाजात बोलून पाहतात. बुजरी मुलंही पुष्कळदा याच गटात निघतात. स्वतः म्हणून चार वाक्यं बोलता येत नाहीत, पण भूमिकेच्या आड गेली की मोकळी होतात. म्हणून मूल लाजतं एवढ्यावरून त्याला अभिनय झेपणार नाही असं ठरवू नका. उलट ‘भीड चेपेल’ एवढ्याच हेतूने ढकलूही नका. ते औषध म्हणून दिलं की मुलाला कळतं, आणि ते आणखी आक्रसतं.

आणि एक उत्तर येईल तेव्हा अभिनयाचा विषय बाजूला ठेवा. ‘तालमीमुळे शेवटचे तास बुडायचे.’ ‘शूटिंग असलं की शाळेत जावं लागत नाही ना?’ इथे ओढ नाटकाची नसून शाळेतून सुटण्याची आहे. वर्गात कुणी त्रास देतंय का, गणित डोक्यावरून जातंय का, जिवलग मैत्रीण तुटलीय का, ते आधी शोधा. ते सुटल्यावर नाटकाचं वेड उरलं तर उरलं.

बोलण्यापेक्षा वागणं जास्त सांगतं. नाटकात सगळ्यात चमकदार वेळ प्रयोगाची, आणि ती सगळ्यात थोडी असते. पंधरा-वीस मिनिटांच्या बालनाट्याला महिना-दीड महिना तालीम लागते: आधी बसून वाचन, मग उभं राहून तालीम, हालचाली बसवणं, पाठांतर, शेवटी वेशभूषेसकट एक-दोन रंगीत तालमी. मुलाला या रुक्ष भागात पाहा. तिचा प्रवेश नसताना ती विंगेत उभी राहून दुसऱ्याची वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणते, की कोपऱ्यात गप्पा मारते? पूर्ण संहिता तिला येते, की फक्त आपली वाक्यं आणि त्यांच्या आधीचा शब्द? तिची चार वाक्यं कापली तर तासाभराने रुसवा जातो की दुसऱ्या दिवशी यायचंच टाळते? मार्गदर्शक ‘पुन्हा कर’ म्हणाला की काहीतरी बदलून करते, की तेच जरा मोठ्याने? समोर प्रेक्षक नसताना तिचा जीव कशात रमतो, ते इथे दिसतं.

तुमच्याकडे आत्ता तालीम चालू नाही, म्हणून घरीच सहा आठवड्यांचा एक खेळ करा. परीक्षा वाटली तर फसेल, म्हणून घरात कुणाला ‘निकाल’ सांगायचा नाही, आजीलाही नाही.

पहिले दोन आठवडे तिच्या मराठीच्या पाठ्यपुस्तकातली एखादी गोष्ट निवडायला सांगा, दोन-तीन पात्रं असलेली, अर्धं पान पुरे. सगळी पात्रं तिनेच करायची. कॅमेरा नाही, पाहुणे नाहीत. ‘तुला वाटेल त्या दिवशी मला दाखव’ एवढंच म्हणा आणि आठवण फक्त एकदा करा. आपणहून कितीदा त्या पानाकडे जाते, तेवढं लक्षात ठेवा.

पुढचे दोन आठवडे संवाद काढून घ्या. स्वारगेटच्या स्टँडवर एक मुलगी बाबांची वाट बघतेय. बस आली, बाबा उतरले नाहीत. दोन मिनिटं, एकही शब्द नाही. पहिल्या खेपेला बहुतेक मुलं मनगटावरचं नसलेलं घड्याळ बघतात, डोळ्यांवर हात धरून लांब पाहतात, कपाळाला हात लावतात. ते ठीक आहे, पाहिलेलंच करतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला काय होतं ते पाहा. बस कुठल्या बाजूने येणार हे तिने ठरवलंय का? हातात काय आहे, पिशवी की दप्तर? उतरणाऱ्या माणसांचे चेहरे ती एकेक करून बघते का? तिने असे प्रश्न तुम्हालाच विचारायला सुरुवात केली, ‘आई, बाबा कुठल्या गावाहून येणारेत?’, तर ती आतून काम करतेय. आणि ‘बोलायचं नाही तर मग करायचं काय?’ म्हणून दोनदा सोडून दिलं, तर तिला बहुधा हालचालींतून व्यक्त होण्यापेक्षा बोलण्यात रस आहे. निवेदन, कथाकथन, वाचिक अभिनय (म्हणजे नुसत्या आवाजातून केलेला) यात अशी मुलं फार छान फुलतात.

शेवटचे दोन आठवडे मोबाइल आणा. ऑडिशनची चित्रफीत घरून करून पाठवतात तशीच करा. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, पुस्तकांच्या चळतीला टेकवून, मागे कोरी भिंत, उजेड खिडकीतून तिच्या तोंडावर, पंखा बंद. आधी ओळख: नाव, वय, उंची, गाव, डावी-उजवी बाजू दाखवणं. मग तीस-चाळीस सेकंदांचा छोटा प्रवेश. समोरच्याचे संवाद तुम्ही फोनच्या शेजारी बसून सपाट आवाजात वाचायचे, म्हणजे तिची नजर भिंगाच्या किंचित बाजूला राहते. तुम्ही हावभाव करून दाखवलेत की ती तुमची नक्कल करणार, आणि पाहणाऱ्याला ती नक्कल पहिल्या पाच सेकंदांत कळते. आता काय चुकलं ते न सांगता सात-आठ वेळा ‘अजून एकदा’ म्हणा. चित्रीकरणाचं काम याच जातीचं असतं: तोच प्रवेश आधी लांबून, मग जवळून, मग समोरच्याच्या बाजूने, आणि प्रत्येक वेळी पेला त्याच शब्दावर उचलायचा. साधारण चौथ्या-पाचव्या वेळी कंटाळा येतो. त्यानंतर ती नवीन काही करून पाहते, की ‘झालं का?’ विचारते? आणि झाल्यावर काय बघते? स्वतःचीच फीत पुन्हा पुन्हा बघत बसणं आणि ‘उद्या दुसरा प्रवेश करू या’ म्हणणं, या दोन वेगळ्या ओढी आहेत.

एका दिवसावरून काही ठरवू नका. भूक, झोप, चाचणी परीक्षा, मैत्रिणीशी भांडण, कशानेही एखादा दिवस बिघडतो. वयानेही फरक पडतो. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला हे सगळं फक्त खेळ म्हणूनच हवं असतं आणि तेवढ्यावरच सोडावं. तुमच्या मुलीच्या वयात ‘मला हे चांगलं जमतं’ ही भावना जोर धरते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मित्रमैत्रिणींच्या नजरेचं वजन इतकं वाढतं की काल रंगमंच गाजवणारी मुलगी आज विंगेतून बाहेर यायला नकार देते; ती आवड मेल्याची खूण समजू नका.

या सहा आठवड्यांत बक्षीस लावू नका. १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांच्यात ही घट नव्हती. म्हणजे कौतुकाने बिघडत नाही, आधी लावलेल्या आमिषाने बिघडतं. ‘छान केलंस तर पिझ्झा’ म्हणालात की तिला नाटक आवडतंय की पिझ्झा, हे तुम्हालाही कळणार नाही. कौतुक नेमकं करा. ‘किती गोड दिसत होतीस’ म्हणण्याऐवजी ‘खुर्चीत बसायच्या आधी तू हात टेकवलास, तिथे मला आजी दिसली’ असं म्हणा. यातून तिला कळतं की तुम्ही काम बघितलंत.

आता तुमच्याकडे आणि बाबांकडे वळते, रागावू नका. तालमीहून परतताना आधी कोण बोलतं? ‘आपली ऑडिशन’, ‘आपल्याला रोल मिळाला’ असं तोंडात येतं का? आई रजा काढते, बाबा पहाटे मुंबईला गाडी काढतात, हे मुलं बघत असतात. एवढा खर्च झाल्यावर ‘मला नको’ म्हणण्याची त्यांची छाती होत नाही, आणि मग पोटात दुखायला लागतं, ताप येतो, बरोबर ऑडिशनच्या सकाळी. म्हणून बाहेर पडायची वाट आधीच ठरवून द्या. हातात घेतलेलं नाटक पूर्ण करायचं, कारण मध्येच सोडलं तर बाकीच्या मुलांचं नुकसान. पण ते संपल्यावर ‘नको’ म्हणालीस तर एकही प्रश्न विचारणार नाही. आणि खरंच विचारू नका.

सहा आठवड्यांनंतर ओढ कायम दिसली तर आधी नाटक, कॅमेरा मागाहून. पुण्यात यासाठी जागा आहेत. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची भालबा केळकर आंतरशालेय नाट्यस्पर्धा आहे, शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा आहे. तिची शाळा संघ उतरवते का ते विचारा. ग्रिप्स या पद्धतीच्या बालनाट्याचा प्रयोग लागला तर जरूर न्या. बर्लिनची ही पद्धत डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये पुण्यात आली, आणि तिच्यात मुलांची कामं मोठी माणसं करतात. प्रयोगानंतर मुलगी काय बोलते ते ऐका: ‘तो काका लहान मुलासारखा कसा बसला होता!’ की नुसतंच ‘मलाही स्टेजवर जायचंय’.

शिबिर निवडताना एक तास मागे बसून बघू द्या म्हणा. शिकवणारे ‘असं म्हण’ करून वाक्यं घोकून घेत असतील तर तिथे नको. आपल्याकडे बालनाट्यात हेल काढून, प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज चढवून बोलायची सवय लागते आणि ती कॅमेऱ्यासमोर मोडता मोडत नाही. वीस मुलांमागे निदान दोन शिकवणारे हवेत. शेवटच्या सादरीकरणात सगळ्यांना थोडं थोडं काम आहे का, हेही बघा.

आणि कॅमेराच करायचं ठरलं तर नियम माहीत असू द्या. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, शाळा खंडित होऊ द्यायची नाही, दर ५ मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची. मिळकतीचे किमान २० टक्के मुलीच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घेता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. ‘परवानगी काढलीत का?’ या एका प्रश्नावर समोरचा गडबडला तर तिथून निघा. दैनंदिन मालिका महिनोन्‌महिने चालते आणि काम बहुतेक मुंबई-ठाण्याकडे किंवा कुठेतरी बाहेरगावी असतं, तेव्हा पुण्याहून रोज जाणं-येणं गृहीत धरू नका. सुरुवातीला एक-दोन दिवसांची जाहिरात किंवा लघुपट बरा.

नकार कसा सांगायचा, तेही आधीच ठरवा. निवड न झालेल्यांना सहसा कुणी कळवत नाही, म्हणून मुलीला ऑडिशनच्या आधीच सांगून ठेवा की फोन फक्त निवड झाली तर येतो. उंची, पडद्यावरच्या आईशी चेहरा जुळणं, पुढचा दात पडलेला असणं, अशा कारणांवर निवड फिरते. तिच्या कामाशी त्याचा संबंध नसतो, आणि हे तिला नकारानंतर सांगितलं तर समजूत घातल्यासारखं वाटतं.

बाबांना एवढंच सांगा की त्यांनी आत्ता हो किंवा नाही म्हणायची गरज नाही, पण त्या बिनसंवादाच्या दोन आठवड्यांत एक दिवस त्यांनी बसून बघावं. आणि मुलीला ‘बघू’ असं सांगू नका. ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ हे सहावीतल्या मुलीला पक्कं ठाऊक असतं. तारीख सांगा. सहा आठवडे घरी काम, मग एखादं शिबिर किंवा शाळेचं नाटक, आणि ते संपल्यावर तुला अजून वाटलं तर एक ऑडिशन नक्की. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्यासमोर खूण करा, आणि तिने विषय काढला नाही तरी त्या दिवशी तुम्ही स्वतः विचारा.